सूर्यावर वादळ असन

माह्या नवऱ्याच्या फोनमधी जगातला कोणताबी भूकंप आमच्या भाकरीच्या आधी येते. मी तव्यावर भाकर टाकली रे टाकली, की तिकडे खाटेवर भोंगा वाजते. पहिल्या पहिल्यांदा मी दचकून पळत गेली होती, वाटलं सिलिंडरचंच काही झालं. आता पळत नाही. भाकर पलटवते अन् आतूनच इचारते, कुठं झाला? तो चष्मा लावून वाचून दाखवते. समुद्रात झाला, इतका खोल झाला, इतक्या मात्रेचा झाला. समुद्रात झाला तं मासोळ्या पाहून घेतीन, तुमी जेवा, असं मी म्हणते. तो जेवत नाही. भाकर निवते, भाजी निवते, अन् हा माणूस बोटानं नकाशा मोठा करून पाहत बसते.

हे सारं पोरीपायी. आमाले एकच पोरगी. तिनं नर्सिंग केलं, मंग नागपुरात राहून जपानी भाषा शिकली, अन् जपानात एका वृद्धाश्रमात कामाले लागली. म्हाताऱ्या माणसायले आंघोळ घालणं, जेवू घालणं, उठवणं-बसवणं हे तिचं काम. आमच्या मेडशीतून अकोल्याले एकटीनं जायचं तं माह्या वेळच्या बाया दहादा इचार करत, अन् माही पोरगी विमानात बसून गेली. विहारात तिचा सत्कार झाला, शाल देली. बापानं अख्ख्या वस्तीले पेढे वाटले. घरी आला, सदरा खुंटीले टांगला अन् मले इचारलं, तिथं भूकंप होतात म्हणे? तिथून जे सुरू झालं ते आजवर सुरू आहे.

मी ज्या माणसासंग संसार केला तो असा नव्हता. सारी नोकरी त्याची एसटी चालवण्यात गेली. पातूरच्या घाटातून पावसापाण्यात गाडी काढे. मुक्कामी गाडी असली की दुसऱ्या दिवशी उगवे. त्या साऱ्या वर्षांत कधी त्यानं मले निरोप पाठवला नाही की बाई, मी बरा आहे. कितीकदा मी पोरीले मांडीवर घेऊन दारात बसली. गाडी बंद पडली का, घाटात काही झालं का, सांगणारं कोणी नव्हतं. एकदा चिडून इचारलं तं म्हणे, काही झालं असतं तं तुले कळलंच असतं ना. बरोबर आहे, कळलंच असतं. अन् तोच माणूस आता तिकडची जमीन इतकुशीक हलली तं पोरीले इचारते, तू बरी आहे ना. मले राग येणार नाही तं काय येणार?

सुरुवातीले एक भूकंपाचंच ॲप होतं. मंग त्याले कोणीतरी सांगतलं की जपानात ज्वालामुखीबी आहेत. झालं, तेबी घेतलं. कुठला तरी डोंगर धूर सोडून राह्यला असं दिसलं की पोरीले सांगे, कपडे बाहीर वाळत घालू नको, राख पडन. तो डोंगर तिच्या गावापासून मेडशीहून दिल्ली जितकी दूर, तितका दूर. पोरीनं हे त्याले समजावून सांगतलं. तो म्हणे, वाऱ्याचा काय भरवसा.

मंग सूर्य आला. सूर्यावर डाग पडतात, त्यातून ज्वाळा निघतात, त्याचं वादळ दोन-तीन दिवसांनी पृथ्वीवर येऊन धडकते, अन् मंग रेडिओ, विमानं, मोबाइल, कायबी बिघडू शकते, हे सारं त्यानं मले मी तुरीच्या शेंगा सोलत असताना समजावलं. मी म्हटलं, सूर्य आपल्या वावरात रोज येते, मले त्याचं नवल सांगू नका, ही अर्धी टोपली सोला. त्यानं चार शेंगा सोलल्या अन् भोंगा वाजला.

गावाले तं करमणूकच झाली. स्टँडवरच्या चहाच्या टपरीत बसला की लोक इचारत, काय भाऊ, आज कुठं हलवलं? ते चिडवून राह्यले हे शेंबड्या पोराले समजन, पण हा मन लावून सांगे. एकानं इचारलं, भूकंप समजते तं सोयाबीनचा भाव कवा हलन तेबी सांगा. हा म्हणे, ते माह्याकडे येत नाही. एका रविवारी विहारात वंदना झाली, सारे डोळे मिटून बसले, सुईचा आवाज येईन इतकं शांत, अन् याच्या खिशातून भोंगा वाजला. म्हातारे माणसं दचकून उठले. एक आजी मले म्हणे, तुह्या नवऱ्याले म्हण, पृथ्वीले थोडा वेळ एकटी राहू दे. मी मान खाली घालून घरी आली अन् दोन दिवस त्याच्यासंग बोलली नाही. त्याले ते समजलंबी नाही.

एक गोठ इथं सांगून ठेवते. आमच्या घराले पुढची खोली टिनाची आहे. उन्हाळ्यात वावधन सुटते, टीन उडून जाऊ नये म्हणून वर दगड ठेवलेले आहेत, साऱ्या गावात ठेवतात. त्याच दगडायच्या खाली याची खाट. जपानात भूकंपाचं शिक्षण घेतल्यापासून पोरगी याच्या मागं लागली होती, बाबा, ते दगड काढा, टिनाले नट-बोल्ट मारून घ्या, डोक्यावर दगड ठेवून कोणी झोपते का. हा हसे. म्हणे, तू तिकडचं पाहा, इथं कायचा भूकंप. अन् त्यानं फोनमधी आपला वाशीम जिल्हा बंदच करून ठेवला होता. फक्त जपान. इथल्या सूचना आल्या तं तिकडची एखादी नजरेतून सुटन, असं त्याचं म्हणणं.

पोरगी पहिले गमतीनं घे. तिचं म्हणणं असं की बाबाचा फोन आला की मले समजते, आज हललं. तिले झोपेत, पायऱ्यांवर, रस्त्यानं चालताना कधी कधी काही जाणवेच नाही, अन् बाप इकडून सांगे की हललं. पण दिवसातून तीनदा, चारदा तेच. तू कुठं आहे, कोणत्या मजल्यावर आहे, टेबलाखाली बसली होती का. कामावर फोन जवळ ठेवता येत नाही हे तिनं कितीदा सांगतलं. हा म्हणे, मी कुठं जास्त बोलतो, हो-नाही सांगितलं की ठेवतो. मी बी सांगून सांगून थकली. माह्या बोलण्याचं या घरात कवा मोल होतं म्हणा.

मंग ते घडलं. जानेवारीत, तुरी सोंगायच्या दिवसात. तिकडे जरा मोठा भूकंप झाला, तिच्या गावापासून दूर, पण झाला. यानं तिले फोन लावला, तिनं उचलला नाही, कारण ती कामावर होती. हा खाटेवरून उठे, अंगणात जाय, परत येऊन लावे. आता पोरीनं आमाले वृद्धाश्रमाच्या ऑफिसचा नंबर देऊन ठेवला होता, अन् बजावून ठेवलं होतं की घरात कोणी मेलं-गेलं तरच इथं लावा. या माणसानं मले न इचारता तो नंबर लावला. तिकडे कोणी बाई होती. हा तिच्यासंग मराठीत बोलला, हिंदीत बोलला. तिले पोरीचं नाव अन् इंडिया इतकंच समजलं. अन् इंडियातून ऑफिसात फोन आला म्हणजे काय, हे पोरीनंच तिथं सांगून ठेवलं असन.

पोरगी एका म्हाताऱ्या बाईले घास भरवून राह्यली होती. तिले बोलवायले माणूस धावत गेला. ती घास तसाच टाकून पळत आली, अन् तिच्या कानावर बापाचा आवाज पडला, बेटा, हललं का तिथं?

मले तिनं तिच्या रात्री फोन केला. मी वावरात होती.  उचलल्या उचलल्या म्हणाली, "आई, मले वाटलं तू गेली."

 तिले साहेबाचं बोलणं खावं लागलं, त्या म्हातारीले ठसका लागला होता, सारे तिच्याकडे पाहून राह्यले होते. पण ते सारं तिनं नंतर सांगितलं. पहिले तेच एक वाक्य. अन् शेवटी म्हणाली, मी बाबाचा फोन आता घेणार नाही. मले त्यायचा आवाज ऐकला की छातीत धडधड होते. ती भांडून बोलली असती तं मी तिले समजावलं असतं. ती थंड आवाजात बोलली, म्हणून मले भेव वाटलं.

मी घरी येऊन त्याले काय सांगणार? पोरगी तुमचा आवाज ऐकायले तयार नाही, हे कोणत्या तोंडानं सांगू? मी म्हटलं, तिची ड्युटी बदलली, काम लय आहे, तुमी आता काही दिवस लावू नका.  संध्याकाळी त्यानं लावला. घंटी पूर्ण वाजून बंद झाली. दुसऱ्या दिवशी लावला. तिसऱ्या दिवशी लावला. मंग फोन पालथा ठेवून मले म्हणे, "सूर्यावर वादळ असन. लागून नाही राह्यला."

मी म्हटलं, असन.

त्यानंतर हे रोजचं झालं. लावे, वाट पाहे, अन् म्हणे, सूर्यावर वादळ असन. मले वाटे, धरावं खांद्याले अन् सांगावं की अहो, सूर्याले कायले नाव ठेवता, तुमच्या पोरीनं तुमाले बंद केलं. रोज तोंडापर्यंत येई अन् रोज मी गिळे. ती मले फोन करे तं मी गोठ्यात जाऊन बोले, वावरात जाऊन बोले, चोरावाणी. सूर्यावरचं वादळ याच्या फोनले लागते अन् माह्या फोनले लागत नाही, हे याच्या ध्यानात आलं तं काय सांगू, याची धाकधूक वेगळीच. इकडून पोरीची मनधरणी करायची, तिकडून याले सांभाळायचं. माहा जीव दोघायच्या मधात भरडून निघाला. पोरीले म्हटलं, एकदा बोल, बाप आहे. ती म्हणे, अजून नाही जमत आई. तिनं दिवाळीले यायचं ठरवलं होतं, तेबी आता पाहू म्हणाली.

जयंतीच्या दिवशी तं कमालच झाली. दरवर्षी त्या दिवशी पोरगी सकाळीच बापाले फोन करे, जयभीम बाबा म्हणे, अन् हा ते साऱ्या गल्लीले सांगत फिरे. यंदा हा पांढरा सदरा घालून, फोन हातात धरून दारात बसला होता. अन् वाजला तो माहा फोन. दोघायच्या मधात, स्टुलावर. पोरीचा फोटो दोघायलेबी दिसला.  हा उठला, म्हणे मिरवणूक निघाली असन, अन् निघून गेला. संध्याकाळी परत आला तं मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्यानं काही इचारलंच नाही. मी म्हटलं, सुटली बाप्पा.

त्याच उन्हाळ्यात आमच्या शेजाऱ्यानं विहीर खोल करायले घेतली. त्यायचं वावर आमच्या घराच्या मागंच, मधात फक्त धुरा, म्हणजे बांध. खाली काळा दगड लागला म्हणून सुरुंग लावणारे माणसं आणले. याची एक रीत असते. बार दुपारी उडवतात, लोक जेवायले गेले की. त्याच्या आधी एक माणूस धुऱ्यावर उभा राहून तीनदा हाक देते, बाऽऽर म्हणून. मंग आपण भांडे उतरवून ठेवतो, ढोरं सोडतो, लेकरं आत घेतो. धडाम होते, पायाखालची जमीन हलते, टीन वाजते, झालं. पंधरा दिवसांत साऱ्यायले सवय झाली होती.

अन् एक दिवस सकाळी सकाळी, मी चुलीपाशी चहा टाकून राह्यली होती, खालून गुडगुड आवाज आला. फळीवरचे भांडे वाजले. जमीन थरारली. टिनावरचा एक दगड घरंगळत गेला अन् अंगणातल्या बादलीत पडला, बादली फुटली. मी म्हटलं, मेल्यायनं बार उडवला, अन् हाकबी नाही.

नवरा खाटेवरून ताडकन उठला. "सकाळी कोणी बार लावते का?" म्हणे. "दगड डोक्यात पडला असता म्हणजे?" बनियनवरच, अनवाणी, धुऱ्याकडे तरातरा गेला. रोज जपानातल्या समुद्राचा तळ मोजणारा माणूस, त्याच्या सोताच्या खाटेखालची जमीन हलली तं शेजाऱ्यासंग भांडायले गेला. अन् मी तरी काय, मी मागून सांगतलं, चांगलं खडसवा त्यायले.

फोन खाटेवरच राह्यला, चार्जिंगले लावलेला. मी अंगणात फुटकी बादली उचलून राह्यली होती, आतून फोन वाजायले लागला. मी म्हटलं, वाजू दे मेल्याले, झाला असन कुठं समुद्रात. बंद झाला, परत वाजला. परत बंद झाला, परत वाजला. मंग माह्या ध्यानात आलं की हा भोंगा नाही, घंटी आहे. आत जाऊन पाहते तं पोरीचा फोटो. याच्या फोनवर. जानेवारीपासून जो फोटो याच्या फोनवर दिसला नव्हता तो.

उचलला तं ती ओरडलीच, "बाबा, बाहीर निघाले का?"

मी म्हटलं, मी आहे, काय झालं? ती म्हणे, आई, तिथं भूकंप झाला, आत्ता झाला, माह्या फोनवर वाशीम दाखवून राह्यलं, तुमी दोघं कुठं आहे, बाबा कुठं आहेत, त्या खाटेवर तं नाहीत ना? मले काही समजेचना. मी म्हटलं, तुह्या फोनवर वाशीम काहून? तिनं सांगितलं, पहिल्या दिवसापासून आहे. तिथं गेली त्या दिवसापासून तिनं इथलं लावून ठेवलं होतं. जपानचं नाही, जपानचं तं तिथं आपोआप समजते. वाशीमचं. ते दगड तिच्या डोक्यातून जात नव्हते.

बाबा कुठं आहेत, तिनं परत इचारलं. मी म्हटलं, बार काहून उडवला म्हणून भांडायले गेले. तिकडून आवाज आला, तो हसण्याचा होता की रडण्याचा मले कळलं नाही.

मी फोन कानाले धरूनच धुरा ओलांडला. विहिरीच्या काठावर माहा नवरा हातवारे करून राह्यला होता, अन् शेजारी डोक्याले हात लावून सांगत होता की भाऊ, आमी अजून भोकंबी पाडले नाहीत, हे पाहा, माणसं तं चहा पिऊन राह्यले. खरंच चार माणसं मातीच्या ढिगावर कपबशा धरून बसले होते, अन् त्यायचे तोंडं पांढरे पडले होते. मी म्हटलं, बार नव्हता, भूकंप होता. अन् फोन त्याच्या हातात देला. पोरीचा आहे, म्हटलं.

त्यानं फोन कानाले लावायच्या ऐवजी तोंडासमोर धरला, अन् आवाज मोठाच होता, साऱ्यायले ऐकू आला. पोरगी रागानं बोलली, "कवाची लावून राह्यली मी. फोन काहून नाही उचलला बाबा?"

त्यानं वर पाह्यलं. मातीच्या ढिगामागून सूर्य नुकताच वर आला होता.

"सूर्यावर वादळ असन बेटा," तो म्हणाला.

अन् तिथं माह्या डोक्यात उजेड पडला. या माणसाले पहिल्या दिवसापासून माहीत होतं. घंटी पूर्ण वाजते अन् कोणी उचलत नाही म्हणजे काय, हे त्याले माह्याआधी समजलं होतं. जयंतीले तो मिरवणूक पाहायले गेला नव्हता. तो मले खोटं बोलायची पाळी येऊ नये म्हणून उठून गेला होता. अन् मी महिनोन्महिने गोठ्यात लपून बोलली, कुढली, यायले त्यायले सांभाळत बसली, अन् हा बाबा सारं माहीत असून मलेच सूर्याचं वादळ सांगत राह्यला. मले इतका संताप आला की तो फोन हिसकावून विहिरीत टाकावा असं वाटलं. अन् त्याच वेळी माहे डोळे भरून आले, त्याचाबी मले राग आला.

 शेजारी अन् ते चहावाले माणसं सूर्याकडे पाहून राह्यले होते, काय दिसते म्हणून.

"हो बाबा," तिकडून पोरगी म्हणाली. "इकडंबी तेच होतं."

मंग तिनं बापाले झापलं. दगड आजच्या आज काढा, मले फोटो पाठवा. तो हो म्हणाला. किती मात्रेचा झाला, किती खोल झाला, त्यानं काही इचारलं नाही. जेवली का, इतकंच इचारलं, अन् फोन धोतराच्या सोग्यानं पुसून माह्या हातात देला. दुपारी तो शिडी लावून टिनावर चढला. तो वरून एकेक दगड देत होता अन् मी खाली उभी राहून घेत होती. तवा मी त्याले इचारलं, तुमाले माहीत होतं तं मले काहून नाही सांगतलं? तो म्हणे, तुले माहीत होतं तं तू तरी कुठं सांगतलं.